जुने विनोदी चित्रपट घरी बघताना या चुका टाळा

जुना विनोदी चित्रपट बघून कोणी 'यात हसण्यासारखं काय आहे?' म्हणालं, की मी आधी विचारतो, तो बघितलात कसा? बहुतेक वेळा खोट चित्रपटात नसते. चित्र ताणलेलं असतं, आवाज पत्र्यावरच्या पावसात बुडालेला असतो, नाहीतर मधला अर्धा तास रिमोटने पळवलेला असतो.

सगळ्यांत जास्त दिसणारी आणि मला सगळ्यांत जास्त छळणारी चूक म्हणजे चित्र पडदाभर करण्याचा हट्ट. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी, रुंदी चार तर उंची तीन. हॉलिवूडमध्ये १९५३ पासून रुंद पडदा रुजू लागला; आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं याच चौकटीत चित्रपट निघत होते. आजचा टीव्ही मात्र १६ ला ९. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या की लोकांना पडदा वाया गेल्यासारखा वाटतो. मग कोणी चित्र ताणतं आणि माणसं बुटकी, जाड दिसतात. कोणी झूम करतं आणि वरखालचं मिळून पाव चित्र कापलं जातं.

मालवणजवळच्या एका घरी गणपतीत हे डोळ्यांसमोर घडलं. चाकरमान्यांनी मुंबईहून मोठा टीव्ही आणला होता. आरती-जेवणं आटोपल्यावर पडवीत सगळे बसले आणि मी विनोदी नट बस्टर कीटनच्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'ची डिस्क लावली. १९२८ चा मूकपट, भाषेची अडचण नाही, पोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना कळणारा. त्यातल्या वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीची जागा नेमकी त्याच्यावर आल्यामुळे तो उभाच्या उभा वाचतो. भिंत खरी होती, कॅमेऱ्याची चलाखी नव्हती. पण एका मुलाने पट्ट्या नकोत म्हणून आधीच झूम करून ठेवलं होतं. वरची खिडकी चित्राबाहेर गेलेली. भिंत पडली, पडवी गप्प. शेवटी म्हातारी आजी म्हणाली, "पण तो वाचलो कसो?"

मी रिमोट हातात घेतला, चौकट मूळ मापावर आणली आणि प्रसंग पुन्हा लावला. या वेळी सगळ्यांना खिडकी आधी दिसली. भिंत हलली तेव्हा दोघीतिघींच्या तोंडून 'अगो बाय' निघालं आणि मग जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबेना. चित्रपट तोच, डिस्क तीच. कीटन पडतो, धावतो तेव्हा त्याला डोक्यापासून पायापर्यंत दाखवलेलं असतं, कारण विनोद त्या अख्ख्या शरीरात आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागेत असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं माप ४:३ किंवा 'ओरिजिनल' करा आणि पट्ट्या तशाच राहू द्या. तिथेच हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, तीही बंद करा.

मूकपट आहे म्हणून आवाज बंद करून बघणारेही भेटतात. चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'मध्ये (१९३१) बोलणं नाही, पण संगीत त्याने स्वतः बांधलेलं आहे. सुरुवातीला पुतळ्याच्या अनावरणाची भाषणं नुसत्या चिरक्या पिपाणीसारख्या आवाजात ऐकू येतात. आवाज बंद केलात तर पहिलाच विनोद गेला. स्वस्त डिस्कवर मूकपटांना भलतंच संगीत चिकटवलेलं असतं, शिवाय वेगही चुकीचा असतो. कॅमेरा हाताने फिरवायच्या काळात सेकंदाला बऱ्याचदा १६ ते २० चित्रं घेत. तीच २४-२५ च्या वेगाने दाखवली की सगळे पळत सुटतात. लोकांना वाटतं, जुना विनोद असाच असतो. चांगली प्रत मिळेपर्यंत थांबावं.

बोलपटाला आमच्याकडे पावसाचा धोका. सर धो धो कोसळत असताना मी बोलका विनोद लावतच नाही. दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'त (१९७१) एक शब्द हुकला की अर्थ हुकतो, आणि टीव्हीचा आवाज वाढवून पत्र्याशी स्पर्धा होत नाही.

आता कॅसेटी. पावसाळ्यानंतर माळ्यावरची पेटी उघडून त्यातली व्हीएचएस सरळ प्लेअरमध्ये सारू नका. इथल्या दमट हवेत टेपला बुरशी येते. शेजारच्या वाडीतल्या एकाने वडिलांनी दूरदर्शनवरून उतरवून ठेवलेला चित्रपट असाच लावला. "चलता काय ता बघूया म्हणान घातलंय," म्हणाला. चित्रावर मुंग्या आल्या. मग त्याने दुसरी, चांगली कॅसेट घातली. प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसलेली घाण तिलाही लागली आणि तिच्यावरही मुंग्या. पाच मिनिटं धीर धरला असता तर दोन्ही वाचल्या असत्या. मी आधी कॅसेटच्या खिडकीतून बॅटरीचा उजेड टाकतो. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली, की ती कॅसेट पिशवीत वेगळी बांधतो आणि टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडेच देतो. हेड पुसायचेच असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय (मऊ चामड्याचं) कापड वापरा, तेही आडव्या दिशेने. वरखाली घासलंत तर हेड तुटतो. कानात घालायची कापसाची काडी तर नकोच.

व्हीसीडीच्या छापील बाजूवर पेनने नाव लिहू नका. तिचा चकाकता थर त्याच बाजूला लाखेखाली असतो.

डिस्क गोल गोल पुसू नका, मधून कडेकडे पुसा.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करताना सुकटाच्या डब्यांबरोबर डिस्कची पेटीही आठवा: घट्ट झाकण, आत सिलिका जेलच्या पुड्या, डिस्क उभ्या.

शेवटची तक्रार मोबाइलवरच्या तुकड्यांबद्दल. 'अशी ही बनवाबनवी'चे (१९८८) दोन मिनिटांचे प्रसंग पाठ असणारी पोरं अख्खा चित्रपट बघायला बसत नाहीत. जागेच्या अडचणीपासून थापांचा डोलारा कसा चढत जातो, ते तुकड्यात दिसणार कुठून? आणि अख्खा बघितलात तर त्याच गोष्टीचा आधीचा हिंदी अवतारही शोधा, हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' (१९६६). फारसं कोणी त्याचं नाव घेत नाही. दोन्ही लागोपाठच्या रात्री बघा, मध्ये मोबाइल माजघरात ठेवून.