दोघंच जण आणि मशीनं, तरी स्टेज कसं भरायचं (पेट शॉप बॉईजकडे बघून)

एक जण गातो, दुसरा कीबोर्डवर, ड्रम-बेस सगळं लॅपटॉपमधून, आणि आता कोणीतरी म्हणालंय की लाइव्ह करा. हा प्रॉब्लेम ज्यांनी सगळ्यात भारी सोडवला ते म्हणजे नील टेनंट आणि ख्रिस लोव, म्हणजे पेट शॉप बॉईज ही ब्रिटिश पॉप जोडी, त्यामुळे मी कोणालाही सांगताना त्यांचंच उदाहरण देतो.

पहिली गोष्ट, घाई करू नका. हे दोघं 1981 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भेटले, लोव आर्किटेक्चर शिकत होता, टेनंट पुढे स्मॅश हिट्स या पॉप संगीताच्या मासिकात लागला. पहिली मोठी टूर कधी? 1989! मधली आठ वर्षं गाणी पक्की करण्यात गेली. 1983 मध्ये टेनंट 'द पोलीस' या बँडची मुलाखत घ्यायला मासिकाच्या खर्चाने न्यूयॉर्कला गेला आणि तिथे आपल्या आवडत्या बॉबी ऑर्लँडो या प्रोड्यूसरला जेवायला भेटून आला, त्यातून 1984 मध्ये 'वेस्ट एंड गर्ल्स' हे गाणं पहिल्यांदा निघालं. अमेरिकेतल्या क्लबांमध्ये थोडं वाजलं, ब्रिटनमध्ये कोणी विचारलं नाही. मग ऑर्लँडोच्या करारातून सुटायला पुढच्या कमाईतला हिस्सा कबूल करावा लागला (सही करताना वाचत जा रे बाबांनो), स्टीफन हेग या दुसऱ्या प्रोड्यूसरबरोबर तेच गाणं नव्याने रेकॉर्ड केलं आणि 1986 मध्ये ते जानेवारीत ब्रिटनला आणि मे महिन्यात अमेरिकेत एक नंबरला गेलं. म्हणजे एक गाणं पडलं म्हणून टाकून द्यायचं नाही, चाल चांगली असेल तर आवाज बदलून बघा.

आता स्टेज. दोन माणसं आणि मशीनं, यात बघण्यासारखं काय असतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. 1986 मध्ये त्यांनी ऑपेराच्या लोकांना घेऊन टूर आखली होती, खर्च परवडेना म्हणून रद्द केली, पण साधा शो करून वेळ मारून नेली नाही हे मला फार आवडतं. 1989 ला हाँगकाँग, जपान आणि मग ब्रिटन असे शो केले तेव्हा मागच्या पडद्यावर डेरेक जार्मन या सिनेदिग्दर्शकाने केलेल्या फिल्म, नाचणारे, कपडे बदलणं, सगळं होतं. आपल्याकडे जार्मन नाही, पण प्रोजेक्टर भाड्याने मिळतो आणि पांढरी चादर घरात असते.

आणि वाजवतोय असं नाटक करू नका, लोकांना कळतं. लोव वर्षानुवर्षं टोपी-गॉगल घालून कीबोर्डमागे ढिम्म उभा असतो, पुढे टेनंट गाणं सांगतो, आणि ती ढिम्म उभं राहण्याचीच स्टाइल झाली. 2022 पासूनच्या ड्रीमवर्ल्ड टूरमध्ये तर सुरुवातीला दोघं मुखवटे लावून रस्त्यावरच्या दिव्यांखाली उभे, बस एवढंच, आणि तरी नजर हलत नाही. तुमच्यातला जो लाजाळू असेल त्याला उगाच टाळ्या वाजवायला लावू नका, त्याला चांगला कोट शिवा.

टेक्निकल बाजू थोडक्यात. सगळा ट्रॅक एकत्र करून देऊ नका, ड्रम, बेस आणि बाकीचं वेगवेगळ्या आउटपुटमधून साउंडवाल्याला द्या, हॉलमध्ये बेस घुमला तर त्याला तेवढाच कमी करता येतो. क्लिक, म्हणजे ताल धरायला लागणारी टिकटिक, फक्त तुमच्या कानात. गाण्यांचा तयार मिक्स फोनमध्येही ठेवा आणि त्याची वायर आधीच मिक्सरला लावून ठेवा, आमचा लॅपटॉप एकदा ऐन कडव्यात अपडेट मागत बसला होता तेव्हापासून मी हे चुकवत नाही (आणि वायफाय बंद!).

बाहेरच्या देशात वाजवायचं असेल तर अडॅप्टरवर 100-240 लिहिलंय का ते बघा, जपानमध्ये वीज 100 व्होल्टची असते, लॅपटॉपला फरक पडत नाही पण आत ट्रान्सफॉर्मर असलेला जुना सिंथ (सिंथेसायझर) चालणार नाही, जड सिंथ तिथेच भाड्याने घ्या आणि आपले साउंड पेनड्राइव्हमध्ये न्या. लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक केबिन बॅगेत.

गाण्यांची यादी लावताना नवीन गाणी मध्ये टाका, दोन ओळखीच्यांच्या मधोमध. ड्रीमवर्ल्डमध्ये 'वेस्ट एंड गर्ल्स' लोक सगळा शोभर वाट बघतात आणि ते येतं थेट एन्कोरला (शो संपल्यावर परत येऊन वाजवतात तेव्हा), त्यानंतर हळू आवाजात 'बीइंग बोरिंग', जे हिट म्हणून तसं फार मोठं नव्हतंच, पण शेवटी तेच ठेवलंय.