बेस ट्रॅप: जाडी आधी, मग जागा

घरी रेकॉर्डिंगसाठी खोली तयार करताना लोक आधी समोरच्या भिंतीवर फोम चिकटवतात. माझा आग्रह असतो, पैसे थोडे असतील तर ते कोपऱ्यांत बेस ट्रॅपवर, म्हणजे खर्जातला आवाज शोषणाऱ्या जाड थरांवर घाला.

१० बाय १२ ची खोली घ्या. विटांच्या भिंती, वर स्लॅब. खर्जातला आवाज यातून फारसा बाहेर जात नाही, आतच घुमतो: लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास, रुंदीत ५६ च्या, शिवाय त्यांच्या दुपटीला ९४ आणि ११२ ला. डग्ग्याची घुमक याच भागात येते. मींड घेताना एक सूर अंगावर येतो, शेजारचा गायब होतो, तो यामुळेच.

दोन इंची फोम इथे कुचकामी. रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) काय किंवा फोम काय, हवेची हालचाल अडवून काम करतो आणि भिंतीलगत हवा जवळपास हलतच नाही. हालचाल सगळ्यात जास्त असते पाव तरंगलांबीवर. १०० हर्ट्झसाठी ते अंतर भिंतीपासून ८६ सेंटीमीटर! एवढी जाडी कुणाच्याच घरात बसत नाही, पण फूटभर जाडीनेही ऐकू येण्याइतका फरक पडतो. ही जाडी जागा न अडवता मिळते ती कोपऱ्यात, आणि खोलीतला प्रत्येक घुमारा कोपऱ्यापर्यंत पोचतोच.

मी रॉकवूलचा ६० सेंटीमीटर रुंदीचा पट्टा कोपऱ्यात तिरका बसवतो, जमिनीपासून छतापर्यंत. मधोमध कोपऱ्यापर्यंत ३० सेंटीमीटर अंतर मिळतं. मागचा त्रिकोण रिकामा न ठेवता रॉकवूलने भरला तर उत्तम. जाड थराला घनमीटरला ३२ ते ४८ किलो घनतेचा माल पुरतो. दुकानदार जास्त घनतेचा गळ्यात मारू पाहील, घेऊ नका, इतक्या जाडीत तो खालचा आवाज परतवायला लागतो. कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. वरून मांजरपाट ताणा. कापड तोंडाला लावून फुंकर मारा, आरपार गेली पाहिजे.

बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर दोन इंच अंतर सोडा. ते आवाजालाही फायद्याचंच.

चारही उभे कोपरे झाले की भिंत आणि छत मिळतात त्या कडा घ्या, मग पाठीमागची भिंत.

आधी आणि नंतर रूम ईक्यू विझार्डने मोजा. खोलीतला आवाज मोजणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आलेखात उंचवट्यांपेक्षा शेपट्या बघा: ५० हर्ट्झचा आवाज किती वेळ रेंगाळतो? ती शेपटी आखूड झाली म्हणजे ट्रॅप काम करतोय. एखादा खड्डा मात्र तसाच राहिला तर ट्रॅप वाढवत बसू नका, खुर्ची हलवा. पंख्याखाली, म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ४७ हर्ट्झ जवळपास ऐकूच येणार नाही. समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसून सुरुवात करा आणि तिथून वीतभर पुढे-मागे सरकत मोजा.