चेतापेशीची आकृती आवेगाच्या वाटेने काढताना

बहुतेक विद्यार्थी चेतापेशीची आकृती मधल्या केंद्रकापासून काढायला घेतात आणि पाठ केलेली नावे शेवटी जोडतात. त्याऐवजी आवेग, म्हणजे चेतापेशीतून धावणारा विद्युत संदेश, ज्या वाटेने जातो त्याच वाटेने पेन्सिल चालवावी. मग प्रत्येक भाग त्याच जागी का आहे, हे आकृती काढता काढताच उलगडत जाते.

कागद आडवा धरून डावीकडे वृक्षिका काढाव्यात. त्या अनेक असतात, फाटे फोडतात आणि टोकाकडे निमुळत्या होतात, कारण शेजारच्या पेशींकडून येणारे संदेश टिपण्यासाठी त्यांना जास्तीत जास्त पृष्ठभाग हवा असतो. त्या जिथे मिळतात तिथे पेशीकाय, म्हणजे पेशीचा मुख्य भाग, आणि त्यात केंद्रक दाखवावे.

पेशीकायातून अक्षतंतू, म्हणजे आवेग पुढे नेणारा लांब तंतू, जिथे निघतो तो शंकूसारखा भाग मात्र सावकाश काढावा. विश्रांत अवस्थेत पेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट विद्युत विभव असते. आलेल्या संदेशांच्या बेरजेने ते साधारण उणे 55 पर्यंत चढले, तर सोडिअम आयनांची द्वारे उघडतात, आयन आत घुसतात आणि आवेग निघतो. तेवढे चढले नाही, तर आवेग निघतच नाही. अर्धा आवेग नावाचा प्रकार नसतो. म्हणून आवेगाची दिशा दाखवणारा पहिला बाण इथे काढावा.

अक्षतंतू एकच आणि जवळपास सारख्या जाडीचा काढावा. कण्यापासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे 1 मीटर लांब असतो; 0.1 मिलिमीटरचा पेशीकाय कागदावर 1 सेंटिमीटरचा काढला, तर त्याच प्रमाणात हा तंतू 100 मीटर भरेल! म्हणून मध्ये दोन तिरप्या रेघा देऊन तो तोडलेला दाखवणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

अक्षतंतूभोवतीचे मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण सलग नळीसारखे काढण्याची चूक मला सर्वांत जास्त खटकते. ते तुकड्यातुकड्यांचे असते आणि दोन तुकड्यांमध्ये उघडी फट असते. आयनांची ये-जा प्रामुख्याने या फटींपाशीच होत असल्यामुळे आवेग एका फटीवरून दुसरीवर झेप घेत जातो आणि जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला 120 मीटरपर्यंत पोहोचतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत तो जेमतेम 1-2 मीटर असतो. फटी गाळल्या, तर या वेगाचे कारणच आकृतीतून नाहीसे होते.

शेवटी अक्षतंतूची टोके पुढच्या पेशीजवळ आणावीत, पण तिला टेकवू नयेत. रासायनिक संपर्कस्थानात, म्हणजे जिथे एका पेशीचा संदेश दुसरीला मिळतो त्या जागी, सुमारे 20 नॅनोमीटरची पोकळी असते आणि संदेश ती रासायनिक द्रव्याच्या रूपाने ओलांडतो; चेता आणि स्नायू यांच्यामध्ये हे काम अॅसिटिलकोलीन करते. इटालियन शास्त्रज्ञ कामिलो गोल्जी यांना चेतासंस्था हे एक सलग जाळे वाटत होते, तर स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी गोल्जींचीच रंगपद्धत वापरून पेशी सुट्या असल्याचे दाखवले आणि आपल्या आकृत्यांत संदेशाची दिशा बाणांनी नोंदवली. 1906 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. आपल्या आकृतीतही ही पोकळी स्पष्ट मोकळी ठेवावी आणि शेवटचा बाण तिच्यावरून पलीकडे न्यावा.