पावसाळ्यातील कोरफड : कुंडीखालची थाळी आधी काढा

मृगाच्या सरी सुरू झाल्या की पुण्यातील बाल्कन्यांमधल्या कोरफडी सडू लागतात, आणि कारण बहुधा एकच असते: कुंडीखालच्या थाळीत साचलेले पाणी. लोणावळ्यासारखा पाऊस येथे कोसळत नाही, हे खरे. परंतु आषाढ-श्रावणातील रिपरिप आणि सलग ढगाळ हवा यांमुळे माती कित्येक दिवस वाळत नाही, आणि पानांतच पाणी साठवणाऱ्या या झाडाची मुळे हवेअभावी कुजतात.

फसगत पुढेच होते. कुजलेली मुळे पाणी ओढत नाहीत, म्हणून पाने लोळू लागतात आणि घरची मंडळी झाड तहानले असे समजून आणखी एक तांब्या ओततात. माती कोरडी आणि पान पातळ पण घट्ट असेल, तरच पाणी द्यावे. पान बुडाशी पचपचीत होऊन हातात सुटून येत असेल, तर झाड त्याच दिवशी उपटावे, निरोगी भाग लागेपर्यंत कुजके कापावे, चार-पाच दिवस सावलीत सुकवून कोरड्या, वाळूमिश्रित मातीत लावावे आणि आठवडाभर पाणी तोडावे. त्यानंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून एकदा आळवणी करावी, म्हणजे ते मुळाशी ओतावे. मी कापावर हळदही दाबतो; ती कोणत्याही शिफारशीत नाही. दुकानदार याच वेळी ‘टॉनिक’ची बाटली पुढे करतो, ती घेऊ नये, मुळेच नसलेल्या झाडाला खत पाजून काय होणार?

कोरफड म्हणून घायपाताचे पिल्लूही (बुडाशी फुटलेले लहान रोप) विकले जाते. कोरफडीचे पान मोडले तर आत पारदर्शक गर आणि सालीलगत पिवळा, कडू चीक दिसतो. घायपाताच्या पानात चिवट तंतू असतात, टोकाला कडक काटा असतो आणि त्याच्या रसाने त्वचेला खाज सुटते.

इतर कामे:
– मिश्रण: पोयटा माती, जाड वाळू, विटांचा चुरा समभाग, शेणखत मूठभर. निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको.
– पिठ्या ढेकूण (पानांवरची पांढरी, कापसासारखी कीड): निंबोळी तेल ५ मि.लि. प्रति लिटर, थोडा साबण, फवारणी संध्याकाळी.
– पिल्ले वेगळी करणे: पाऊस सरल्यावर.

फरशीवर डाग पडतात म्हणून थाळी हवीच असेल, तर कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी आणि थाळी रोज रिकामी करावी, कारण डेंग्यूचे डासही त्याच पाण्यात वाढतात.