घाबरट कुत्र्याची नखं कापताना या चुका टाळा

आमची चिंगी २०१९ च्या महापुरातली. पाणी ओसरल्यावर सांगलीच्या गावभागात एका जिन्यावर ती अंग चोरून बसलेली होती. दोन दिवस कुणाच्या हाती लागेना, शेवटी गळ्यात दोरी टाकून ओढून खाली आणली, त्या ओढाताणीत तिचा पुढचा उजवा पाय दोरीत अडकला. तेव्हापासून कुणी पाय धरला की ती आधी थिजते, मग थरथरते, आणि तरीही सोडलं नाही तर दात दाखवते. तिची नखं पहिल्यांदा कापली ती तिघांनी मिळून. एकानं मान धरली, एकानं कंबर, कटर माझ्या हातात. चौथ्या नखाला रक्त आलं. पुढचे सहा महिने कटरचा खण उघडल्याचा आवाज झाला तरी ती कॉटखाली जायची.

सगळ्यात मोठी चूक तीच होती, दाबून धरण्याची. गावाकडे नालबंद बैल कसा पाडतो हे आपण लहानपणापासून बघितलेलं असतं. दोरीनं पाय एकत्र बांधायचे, चार माणसांनी धरायचं, नाल ठोकायची, सोडून द्यायचं. बैलाच्या अंगाची ताकद बघता तिथं दुसरा इलाज नसतो. पण तीच रीत आपण नकळत कुत्र्याला लावतो. घरातली मोठी माणसंही म्हणतात, ‘घट्ट धर की, काय होत न्हाई.’ होतं. कुत्र्याची नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापावी लागतात, आणि आज जोर लावून काम उरकलं तर पुढच्या खेपेला तो जास्त जोरात झगडतो. त्याला कटरपेक्षा पकडीची भीती जास्त असते.

भीती गुरगुरण्याच्या बरीच आधी दिसते. झोप नसताना जांभई, उगाच ओठ चाटणं, तोंड फिरवून तिरप्या नजरेनं बघणं (डोळ्याचा पांढरा भाग दिसतो), कान मागे, शेपूट पोटाखाली. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे अगदी गप्प पडून राहणं. बघणारा म्हणतो, ‘बघा, शहाण्यासारखा बसलाय.’ तो शहाण्यासारखा बसलेला नसतो, भीतीनं गोठलेला असतो. यातलं काहीही दिसलं तर पाय सोडा. गुरगुरला म्हणून रागवू नका. रागवून गुरगुरणं बंद होईल, भीती तशीच राहील, आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

दुसरी चूक, सगळी नखं एका बैठकीत उरकायची. पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्याला चार, अशी बहुतेक कुत्र्यांना १८ नखं असतात. घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी दिवसाला एक नख पुष्कळ झालं. तीन आठवड्यांत फेरी पूर्ण होते, तोवर पहिल्या नखाची पाळी परत आलेली असते. मला हे पटायला फार वेळ लागला, कारण काम अर्धवट सोडायला आपलं मन तयार होत नाही.

एका नखापर्यंत पोचण्याआधीही तयारी लागते. चिंगीला आम्हाला पाच आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात फक्त खांद्यावर हात ठेवायचा, तो खाली कोपरापर्यंत न्यायचा, खाऊ द्यायचा, संपलं. मग पंजा, मग एकेक बोट हलकेच दाबून नख बाहेर काढणं. कटर नुसतं शेजारी जमिनीवर पडलेलं. त्या ‘कट्’ आवाजासाठी खराट्याच्या काड्या घेतल्या. तिच्यापासून पाच-सहा फुटांवर बसून एक काडी कापायची, लगेच चिकनचा तुकडा तिच्याकडे टाकायचा. पहिल्या दिवशी ती उठून स्वयंपाकघरात गेली. आठव्या दिवशी काडी हातात घेतली की मान वर करून बघायला लागली. तेव्हा मी थोडी जवळ सरकले. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. आधी खाऊ दाखवून पंजा धरलात तर काही दिवसांनी खाऊ बघूनच कुत्रा पळतो.

या खाऊबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. आपल्या जिल्ह्यात घरोघरी बेदाण्याचा डबा असतो. हाताला तोच लागतो, आणि ‘एक बेदाणा दिला तर काय बिघडतंय’ असं वाटतं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नसतो. भडंगही नको, त्यात लसूण आणि तिखट असतं. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन, उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे, नाहीतर काकडी. तुकडा हरभऱ्याएवढा पुरे.

आता प्रत्यक्ष कापणं. नखाच्या आत जिव्हाळी असते, म्हणजे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं. चिंगीची नखं काळी कुळकुळीत. अशा नखात बाहेरून काही दिसत नाही, म्हणून अंदाजानं मोठा तुकडा उडवला जातो आणि रक्त येतं. काळं नख मिलिमीटर-मिलिमीटरनं कातरायचं, आणि प्रत्येक कापानंतर कापलेला भाग समोरून बघायचा. सुरुवातीला तो कोरडा, खडूसारखा पांढुरका दिसतो. मग मधोमध एक गडद, ओलसर ठिपका दिसायला लागतो. तिथं थांबा. ठिपक्यापुढं जिव्हाळी आहे. हे काम सकाळच्या उन्हात गॅलरीत बसून करा, ट्यूबलाइटखाली तो ठिपका नीट दिसत नाही.

नख खूप वाढलं असेल तर एकाच दिवशी आखूड करायचा मोह होतो. नखाबरोबर आतली जिव्हाळीही लांबलेली असते. दर आठ-दहा दिवसांनी टोक थोडं थोडं कातरत राहिलं की ती हळूहळू मागे सरकते. आमच्या फरशीवरचा टकटक आवाज थांबायला तीन महिने लागले.

बोथट कटर हे दुखण्याचं एक कारण, जे कुणाच्या लक्षात येत नाही. रक्त नाही, जखम नाही, तरी कुत्रा ओरडतो. धार गेलेलं पातं नख कापण्याआधी चिरडतं, आणि तो दाब आतल्या जिव्हाळीवर येतो. आपलं नेलकटरही तेच करतं. कुत्र्यांसाठीचं पक्कडीसारखं कटर घ्या, आणि खराट्याची काडी एका झटक्यात तुटत नसेल तर पातं बदला. कापताना बोट दोन बाजूंनी हलकं धरलं की झटका कमी बसतो. पंजा आवळू नका. बोटांमध्ये केस असतील तर ते आधी बाजूला घ्या, केस ओढला गेला तरी कुत्र्याला ते नखच दुखल्यासारखं वाटतं.

पाय कुठल्या दिशेला नेता हेही बघा. आपण समोर बसतो आणि पाय बाजूला, आपल्याकडे ओढतो. कुत्र्याचा पाय पुढं-मागं सहज हलतो, बाजूला फारसा नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे त्यात दुखतात, आणि तो पाय हिसकतो ते नखासाठी नसतंच. त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसा आणि पंजा मागच्या बाजूला दुमडून तळवा वर करा. नखाचा खालचा भागही असा नीट दिसतो.

वेळ चुकली तरी सगळं बिघडतं. दिवाळीत फटाके चालू असताना किंवा गणपतीच्या मिरवणुकीच्या आठवड्यात नखांचं नाव काढू नका. अंघोळीनंतर नख मऊ होतं हे खरं, पण अंघोळीलाही घाबरणाऱ्या कुत्र्याला एकाच दिवशी दोन धसके कशाला?

आणि काळजी घेऊनही रक्त आलं तर? आपल्याकडे हात पहिला हळदीच्या डब्याकडे जातो. हळदीनं सगळं पिवळं होतं आणि रक्त थांबलं की नाही तेच कळत नाही. तुरटीनं रक्त थांबतं, पण झोंबते, आणि आधीच घाबरलेल्या कुत्र्याला ते नको. कापायला बसण्याआधीच वाटीत कॉर्नफ्लोअर काढून ठेवा. चिमूटभर नखाच्या टोकावर दाबून दोन-तीन मिनिटं धरा, मधेच उचलून बघू नका. मग अर्धा तास त्याला पळू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा. रक्त बघून आपण ओरडतो, तेवढं मात्र आवरा. त्याच्या लक्षात आपला आवाजच जास्त राहतो.

कटर काही केल्या चालतच नसेल, तर हार्डवेअरच्या दुकानातून ८० नंबरचा पॉलिश पेपर आणा आणि फेविकॉलनं एका फळीवर चिकटवा. शेकहँड देणारा कुत्रा असेल तर तिरप्या धरलेल्या फळीवर पंजा ओढायला आठवड्याभरात शिकतो. पुढची नखं तो स्वतःच घासतो, आणि पाय कुणी धरलेला नसतो. तळव्याची गादी घासली जात नाही ना, एवढं बघा. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख मात्र फळीला लागत नाही आणि जमिनीलाही टेकत नाही. ते गोल वाढून थेट कातडीत रुतू शकतं, तेव्हा तेवढं कापावंच लागतं.

चावण्यापर्यंत जाणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीचं मुसकं घ्या. तेही आधी काही दिवस आत खाऊ ठेवून सवयीचं करा. भीती त्याहून जास्त असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना सांगा, ते आधी द्यायचं शांत करणारं औषध वजन बघून ठरवतात. घरातली झोपेची किंवा दुखण्याची गोळी कधीही देऊ नका, माणसाच्या कित्येक गोळ्या कुत्र्याला विषासारख्या असतात.

चिंगीचे मागचे पाय आता दोन दिवसांत होतात. पुढचा उजवा अजून एकेक नखानं चालतो. दोरी त्याच पायात अडकली होती, त्यामुळे तिथं मी घाई करत नाही. काल तिनं करंगळीचं नख कापू दिलं आणि पंजा माझ्या मांडीवरच ठेवला.