हुआ हिनला रिटायर होऊन राहायचंय? आधी पाहुण्यासारखं राहायला शिका

थायलंडमध्ये समुद्रकाठच्या हुआ हिन गावाला राहतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, महिन्याला खर्च किती येतो? मी दरवेळी सांगतो की हा प्रश्न तिसरा-चौथा आहे, पहिला प्रश्न हा की उद्या इथून उठायची वेळ आली तर किती दिवसांत उठता येईल. लोक हसतात. पण इथं गोऱ्यांना 'फरांग' म्हणतात तसा आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना 'खेक' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच पाहुणा असा आहे. सुरुवातीला तो शब्द मला टोचायचा, आता वाटतं बरोबरच आहे की. कारण रिटायरमेंट व्हिसा रिटायरमेंट व्हिसा म्हणून जे सगळे बोलतात ते खरं तर एकेका वर्षाचं एक्स्टेन्शन असतं, वीस वर्षं राहिलात तरी विसाव्या वर्षीसुद्धा फोटो चिकटवून टोकन घेऊन बसायचंच.

तर आधी ही कागदांची भानगड. वय ५० पूर्ण पाहिजे. नेहमीचा रस्ता म्हणजे नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा घ्यायचा, तो ९० दिवसांचा असतो, आणि मग इमिग्रेशन ऑफिसात एक वर्षाचं एक्स्टेन्शन मागायचं, फी १,९०० बात, बात म्हणजे थायलंडचं चलन. त्यासाठी थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बात अर्ज करायच्या आधी दोन महिने पडून पाहिजेत, एक्स्टेन्शन मिळाल्यावर तीन महिने हात लावायचा नाही आणि त्यानंतर वर्षभर ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. नाहीतर महिन्याला ६५,००० बात उत्पन्न दाखवायचं. नवरा-बायको दोघं असाल तर जॉइंट अकाउंटच्या भरवशावर राहू नका, त्यावरून फार कटकट होते.

एक्स्टेन्शनच्या दिवशी काय होतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. सकाळी बँक उघडली की आधी १०० बात खात्यात भरायचे, पासबुक मशीनमध्ये घालून आजच्या तारखेची ओळ छापून घ्यायची, मग काउंटरवरून बॅलन्सचं पत्र घ्यायचं आणि तसंच इमिग्रेशनला जायचं, कारण तिथली बाई पासबुकाची शेवटची ओळ आणि पत्रावरचा आकडा बोट ठेवून ताडून बघते. प्रत्येक झेरॉक्सवर सही, निळ्या पेनने. शर्ट इस्त्रीचा आणि चेहरा हसरा ठेवा. माझ्या पुढच्या रांगेतला एक गोरा आजोबा हाफ पँट आणि बनियन घालून आला होता आणि वर आवाजही चढवत होता, त्याला तीनदा वेगवेगळा कागद आणायला पाठवलं. थाई माणसासमोर आवाज चढवलात की काम तिथंच बसलं समजा, 'जाय येन येन' म्हणजे डोकं थंड ठेव, हे त्यांचं म्हणणं निदान त्या ऑफिसात तरी पाळाच.

एक्स्टेन्शन झालं म्हणजे संपलं असं नाही. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं, ऑनलाइनही होतं, विसरलात तर २,००० बात दंड. घरमालकाने तुम्ही राहायला आल्याचं २४ तासांत कळवायचं असतं, तो फॉर्म टीएम ३०, भाड्याचं बोलतानाच हे विचारून घ्या कारण काही मालक टॅक्सच्या भीतीने टाळतात आणि मग अडकता तुम्ही.

आणि आता माझी स्वतःची माती. दुसऱ्या वर्षी भाच्याच्या लग्नाला निघालो, घाईघाईत, आणि री-एन्ट्री परमिट काढायचंच राहिलं. एकदा जाऊन यायचं १,००० बात, कितीही वेळा जायचं ३,८०० बात, एवढीच गोष्ट, पण ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की एक्स्टेन्शन जागच्या जागी मेलं. परत आल्यावर नवीन व्हिसा, पुन्हा दोन महिने पैसे ठेवून बसणं, सगळं पहिल्यापासून. बायको अजून ऐकवते. तेव्हापासून एक्स्टेन्शनच्या दिवशीच मल्टिपल री-एन्ट्री काढून मोकळा होतो.

आता घर. इथं माझं मत एकदम ठाम आहे, निदान पहिलं एक वर्ष भाड्यानेच राहा, आणि ते वर्ष सगळ्या ऋतूंतून गेलं पाहिजे. लोक येतात जानेवारीत, हवा मस्त, समुद्रावरून गार वारा, आणि फेब्रुवारीत बुकिंगचा चेक फाडतात. मग एप्रिल येतो. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पाऊस इथं पश्चिमेकडच्या फुकेतपेक्षा बराच कमी, पण त्याचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो आणि तेव्हा काही गल्ल्यांमध्ये पाणी तुंबतं, घर बघायला जायचं तर त्या दिवसांत जा, भिंतीवरची रेघ बघा. समुद्राला चिकटून घर घेण्याचा मोह आवरा, खारी हवा एसीचं बाहेरचं युनिट दोन-तीन वर्षांत खाऊन टाकते आणि भरतीला तर काही ठिकाणी वाळूच शिल्लक राहत नाही. रेल्वेलाइनच्या पलीकडे, आतल्या सोयमध्ये, सोय म्हणजे गल्ली, तिथं त्याच पैशात जागा मोठी मिळते, फक्त फेटकासेम रोड, म्हणजे गावातून जाणारा हायवे, ओलांडून समुद्रावर यावं लागतं.

भाड्याचा करार करताना साधारण दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ देतात. विजेचं बिल थेट सरकारी वीज कंपनीच्या मीटरप्रमाणे येणार की मालक स्वतःचा दर लावणार हे कागदावर घ्या, एसी चोवीस तास चालतो तिथं हा फरक लहान नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सीझन असतो, तेव्हा एक-दोन महिन्यांसाठी घर मागाल तर भाव वेगळाच, वर्षाचा करार करायचा असेल तर मे-जूनमध्ये बोलणी करा.

विकतच घ्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. कॉन्डोतला फ्लॅट घेता येतो, पण एका बिल्डिंगमधल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते आणि पैसे बाहेरून परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद लागतो. जमीन लीजवर ३० वर्षं. 'कंपनी काढू, त्यात थाई भागीदार नावाला घेऊ' असं कोणी एजंट गोड बोलून सांगत असेल तर तिथूनच उठा, नावापुरते भागीदार दाखवणं हा गुन्हा आहे. आमच्या सोयच्या तोंडाशी असाच एक बंगला आहे, स्विमिंग पूलवाला, त्याच्या 'विकणे आहे' बोर्डाचा लाल रंग उडून गुलाबी झालाय आणि आता तोही दिसेनासा व्हायला लागलाय.

टॅक्सबद्दल थोडक्यात. कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही थायलंडचे टॅक्स रेसिडेंट, आणि २०२४ पासून बाहेर मिळवलेलं उत्पन्न इथं आणलं की ते हिशोबात धरलं जातं. २०२४ च्या आधीची जुनी बचत त्यात येत नाही, म्हणून जुना पैसा आणि नवा पैसा वेगवेगळ्या खात्यांत ठेवा, खिचडी करू नका, आणि एकदा तरी जाणकाराला पैसे देऊन बसा. आणि पेन्शन कुठून येते यावरही बरंच अवलंबून आहे. इथले ब्रिटिश म्हातारे बघा, थायलंडला राहायला आले की त्यांची सरकारी पेन्शन आहे त्या आकड्यावर गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. पंधरा वर्षांपूर्वी जो रोज बाहेर जेवायचा तो आता घरी अंडी उकडतो. बात वधारला की त्यांची तोंडं बघवत नाहीत. तुमच्या बजेटमध्ये विनिमय दर बिघडण्यासाठी पाव हिस्सा तरी मोकळा ठेवा.

तब्येत. परदेशी रिटायर्ड माणूस थायलंडच्या सरकारी आरोग्य योजनेत बसत नाही. सरकारी हॉस्पिटलात पैसे भरून उपचार मिळतात आणि चांगले मिळतात, गर्दी सोसायची तयारी पाहिजे, खाजगी हॉस्पिटल चकाचक पण बिल बघून पुन्हा अ‍ॅडमिट व्हायची वेळ येते. ओ-ए नावाचा दुसरा व्हिसा आहे त्याला ३० लाख बातचा आरोग्य विमा सक्तीचा आहे, ओ व्हिसावर सक्ती नाही म्हणून लोक विमा घेतच नाहीत, आणि सत्तरीनंतर घ्यायला गेलं की कंपन्या दार लावतात. ज्याला विमा नको त्याने निदान तेवढी रक्कम बाजूला काढून तिला हात न लावण्याची शपथ घ्यावी. मोठं ऑपरेशन म्हटलं की बँकॉक, साधारण २०० किलोमीटर, तीन तास धरा. अँब्युलन्सचा नंबर १६६९ आणि टुरिस्ट पोलिसांचा ११५५, फ्रिजवर चिकटवा. झोपेच्या गोळ्या किंवा तशी औषधं बॅगेत भरून आणू नका, त्यातल्या कितीतरी इथं परवान्याशिवाय चालत नाहीत.

स्कूटरवर मात्र मी भांडायला तयार आहे. इथं सगळे चालवतात, भाड्याने कोणीही देतं, लायसन्स कोणी विचारत नाही, पण मोटरसायकलचं लायसन्स नसताना पडलात तर विमा कंपनी हात वर करते. थाई लायसन्स काढणं अवघड नाही, इमिग्रेशनकडून पत्त्याचा दाखला, डॉक्टरचं सर्टिफिकेट, रंग ओळखणं आणि ब्रेकची परीक्षा, पहिलं दोन वर्षांचं मिळतं मग पाच वर्षांचं. गाडी डावीकडूनच चालते, तो एक त्रास वाचतो. पासष्टीनंतर सुरू करायचा विचार असेल तर हिरव्या साँगथेवने फिरा, मागे दोन बाकं असलेली पिकअप गाडी, बसून निवांत जाता येतं.

दिवस कसा जातो हे कोणी विचारत नाही आणि माणसं मोडतात ती तिथंच. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य समुद्रातून वर येतो, सहाला ओहोटी असेल तर ओल्या कडक वाळूवर काओ ताकियाबच्या टेकडीच्या दिशेने चालायला लागायचं, माकडांपासून चष्मा सांभाळायचा. आठपर्यंत घरी. मग संध्याकाळी पाचपर्यंत करायचं काय? नोकरी करता येत नाही, वर्क परमिटशिवाय फुकट समाजसेवासुद्धा कायद्यात अडकू शकते. अकरालाच बिअर उघडणारे इथं भरपूर, पहिल्या वर्षी ते गमतीत असतं. मी थाई लिपी शिकायला घेतली, व्यंजनं ४४, आणि आपल्याला क-ख-ग-घ-ङ चा क्रम पाठ असल्यामुळे गोऱ्यांपेक्षा लवकर जमतं, शिवाय बाजारातल्या बायका एकदम घरच्यासारखं बोलायला लागतात. शाकाहारी असाल तर 'माय साय नाम प्ला', फिश सॉस घालू नका, हे वाक्य पहिल्या दिवशी पाठ करा, कारण नुसत्या भाजीतही तो असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान दिसलं की आत शिरा, तिथं मांस-मासे तर नाहीतच, लसूणही नसतो.

राजघराण्याबद्दल मात्र चेष्टेतही काही बोलू नका, कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे आणि हे तर राजाचंच गाव. सातव्या रामाने, म्हणजे राजा प्रजाधिपोकने, इथं राजवाडा बांधला, नाव ठेवलं क्लाय कांगवोन, अर्थ 'चिंतांपासून दूर', आणि जून १९३२ मध्ये बँकॉकला सत्तापालट झाला तेव्हा तो नेमका त्याच वाड्यात होता.

राहता राहिलं मरण. अवघड वाटतं पण लिहूनच ठेवा. इथल्या पैशासाठी थाई भाषेतलं वेगळं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसमोर, नाहीतर ते ८ लाख बात बँकेत गोठतात आणि बायको कोर्टाच्या खेपा घालते. एका फायलीत पासपोर्टची कॉपी, विम्याचा कागद, दूतावासाचा नंबर, मृत्युपत्र कुठं आहे ते, आणि ती फाइल कुठं आहे हे शेजाऱ्याला सांगून ठेवा.

आमच्या मजल्यावर एक नॉर्वेचा म्हातारा होता, जहाजावर इलेक्ट्रिशियन होता म्हणे, नऊ वर्षं त्याच भाड्याच्या खोलीत. मुलीचा फोन आला, तिची तब्येत बिघडली होती. मालकाला नोटीस, बँकेतून पैसे ट्रान्सफर, स्कूटर सोयच्या मेकॅनिकला विकली, अकराव्या दिवशी दोन बॅगा घेऊन टॅक्सीत बसला. राइस कुकर खालच्या वॉचमनला दिला आणि टेबलफॅन मला. थोडा खडखडतो, पण चालतो.