ग्रामीण कवीवर परिचयलेख लिहिताना

ग्रामीण जीवनावर लिहिणाऱ्या समकालीन कवीचा परिचय लिहायला बसलेले बहुतेक जण जन्मगाव, शिक्षण आणि पुरस्कार यांपासून सुरुवात करतात आणि कवितेपाशी येईतो त्यांची पाने संपलेली असतात. म्हणून आधी कवीचे संग्रह प्रकाशनाच्या क्रमाने वाचावेत. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय यांचा त्यासाठी उपयोग होतो.

वाचताना कामाचे शब्द वेगळ्या वहीत उतरवून घ्यावेत : भांगलण (खुरप्याने तण काढणे), मोट, नाडा (मोटेचा दोर), लागण (उसाची लावणी), खोडवा. केवळ शब्दकोशावर विसंबू नये. ते काम केलेल्या माणसाला विचारावे, आणि भांगलणीविषयी तर बाईलाच विचारावे. पहिला ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यांतून फुटून येणारे पीक म्हणजे खोडवा, हे ठाऊक नसेल तर कवितेत आलेल्या खोडव्यामागची पुन्हा उगवण्याची चिवट आशा आणि घटत्या उत्पन्नाची काळजी, ही दोन्ही आपल्या हातून निसटतात.

परिचित शब्द अधिक फसवतात. ना. धों. महानोरांच्या कवितेतला पाऊस पंचगंगेकाठच्या वाचकाने स्वतःच्या अनुभवाने मोजू नये. आपण २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत, पावसाचा जोर वाढला की आपले लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे जाते. अजिंठ्याच्या परिसरातल्या महानोरांच्या पळसखेड्याला मात्र पावसाची वाट पाहावी लागते, आणि ती वाट पाहणे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या शब्दांतला पावसाचा उत्सव पुरता कळत नाही. कागलच्या आनंद यादवांच्या कवितेतला मळा याहून वेगळा आहे. दोघांनाही ‘मातीशी नाळ जोडलेले कवी’ म्हणून एकाच ओळीत बसवणे हा माझ्या मते अन्यायच आहे.

चरित्राची वेळ यानंतर येते. महानोरांचा जन्म १९४२ चा, ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ चा, ‘पानझड’साठी साहित्य अकादमी पुरस्कार २००० चा आणि निधन २०२३ चे, एवढे सनावळीसाठी पुरेसे आहे. शेती त्यांनी सोडली नाही आणि विधान परिषदेचे सदस्य असतानाही शेतीपाण्याचा विचार त्यांच्यासोबत राहिला, या गोष्टींना मात्र जागा द्यावी, कारण त्यांच्या निसर्गकवितेमागे राबणारा शेतकरी त्यांतून दिसतो. तरीही कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, असे धरून तिच्यातून चरित्राचे पुरावे काढू नयेत.

कवी हयात असेल तर भेटीला जावे, पण भाताच्या रोपलागणीत किंवा ऊसतोडीच्या धांदलीत नव्हे. मुलाखत उतरवताना त्यांची बोली प्रमाण भाषेत बदलू नये : ते ‘व्हतं’ म्हणाले असतील तर ‘व्हतं’च लिहावे, आणि लेख छापायला देण्यापूर्वी त्यांची विधाने त्यांना एकदा वाचून दाखवावीत.